प्रति: सर्व्हर बदलला तर सगळं सोबत येतं का?

मॅस्टोडॉन या अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणाऱ्या सोशल नेटवर्कपुरतं उत्तर: नाही. फॉलोअर येतात, जुन्या पोस्ट तिथेच राहतात. आधी नव्या खात्यात जुन्या खात्याचा पत्ता अलायस (खात्याचं दुसरं नाव) म्हणून नोंदवा, मगच जुन्या खात्यातून स्थलांतर सुरू करा. क्रम उलटा केलात तर एरर येते. तुम्ही फॉलो करता त्यांची यादी, ब्लॉक, बुकमार्क सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलमध्ये उतरवून नव्या जागी चढवायचे. पुढचे 30 दिवस पुन्हा हलता येत नाही.

खरी गोम वेगळीच. फॉलोअरांना ‘हा इकडे गेला’ हा निरोप जुना सर्व्हरच धाडतो. चालवणाऱ्याने तो सर्व्हरच न सांगता बंद केला, तर फॉलोअर गेलेच. शिवाय बहुतेक सर्व्हर हौशी मंडळी देणग्यांवर चालवतात. म्हणून सीएसव्ही अधूनमधून उतरवून ठेवा. त्यातून निदान तुमची फॉलो यादी तरी वाचते.