मदत हवी आहे: ठरवलेला स्टॉप लॉस बाजार चालू असताना कसा पाळावा?

नमस्कार. आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. माझा धाकटा भाऊ वेर्णा औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या शिफ्टला काम करतो आणि सकाळी ९.१५ ला बाजार उघडल्यापासून कंपनीची बस येईपर्यंत शेअरमध्ये इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकायचे, सौदे करतो. त्याच्या संमतीनेच हे विचारत आहे.

नियम त्याला ठाऊक आहेत. एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त जोखीम घ्यायची नाही, लागोपाठ दोन सौदे तोट्यात गेले की त्या दिवशी थांबायचे आणि लावलेला स्टॉप लॉस (भाव ठरावीक पातळीपर्यंत घसरला की शेअर आपोआप विकणारी ऑर्डर) खाली सरकवायचा नाही, हे सारे त्याने डायरीच्या पहिल्याच पानावर लिहिले आहे. मात्र भाव स्टॉप लॉसच्या जवळ आला की तो ती ऑर्डर रद्द करतो, आणखी शेअर घेऊन ॲव्हरेज करतो (सरासरी खरेदीभाव खाली आणतो) आणि वाढत जाणारा तोटा मोबाईलवर पाहतच बसमध्ये चढतो. आम्ही दोघांनी डायरी वाचली तेव्हा दिसले की नियम पाळलेल्या सौद्यांतले तोटे लहान आहेत, आणि महिन्याचा नफा पुसून टाकणारे सौदे मोजके असले तरी त्या प्रत्येकात स्टॉप लॉस काढलेला आहे. मला अधिक काळजी वाटते ती स्टॉप लॉस काढल्यावर भाव परत वर आलेल्या सौद्यांची, कारण थांबून राहिले की सुटका होते, हे त्याला त्यांनीच शिकवले.

निश्चित लहान तोटा टाळण्यासाठी माणूस मोठी जोखीम पत्करतो, हे मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडले होते. बाजार नियामक सेबीच्या जुलै २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये इंट्राडे करणाऱ्या दर दहांपैकी सात जणांना तोटा झाला, आणि तोट्यातले लोक सरासरीने नफ्यातल्यांपेक्षा जास्त सौदे करत होते. भावाने हे वाचले आहे, त्याला ते पटतेही. पण त्या क्षणी ते उपयोगी पडत नाही. त्याचे भांडवल २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर विकलेल्या आमच्या ट्रकच्या पैशांतले आहे, त्यामुळे प्रत्येक तोटा त्याला घरातून काही गेल्यासारखा लागतो, असे मला वाटते.

म्हणून मनाला आवर घालण्याचा उपदेश नको, मनावर विसंबून राहावे लागणार नाही अशी व्यवस्था हवी आहे. काही ब्रोकरांच्या ॲपमध्ये किल स्विच, म्हणजे सौदे करणे काही काळ बंद करणारे बटण, असतो. तो वापरणाऱ्यांना पहिल्या तोट्यानंतर तो खरोखर दाबता येतो का? बहुतेक रक्कम बँकेत ठेवून ट्रेडिंग खात्यात आठवड्यापुरतेच पैसे भरले, तर ॲव्हरेज करण्याची सवय तुटते का? पासवर्ड माझ्याकडे ठेवणे आम्हा दोघांनाही योग्य वाटत नाही. शिवाय, शिफ्टची नोकरी सांभाळून सौदे करणाऱ्यांनी कृपया सांगावे, की घरातून निघण्याआधी सर्व पोझिशन (चालू सौदे) बंद करण्याचा नियम तुम्ही कसा अंगवळणी पाडला, आणि त्याला किती काळ लागला? शेअरच्या टिप्स कृपया देऊ नयेत.