मदत हवी आहे: पंचगंगेच्या पातळीचा आकडा चुकला, बातमी दुरुस्त केली, पण चुकीचं चित्र अजून फिरतंय

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या विभागाचं बातम्यांचं संकेतस्थळ आम्ही विद्यार्थीच चालवतो. वेब डेस्कची पाळी दर आठवड्याला बदलते आणि हा आठवडा माझा आहे. इथे वर्तमानपत्रांत आणि पोर्टलवर काम केलेली बरीच मंडळी आहेत, म्हणून विचारतेय.

पावसाळ्यात आमची न्यूजरूम पंचगंगेवरच जागी होते. सकाळी सातची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी, राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी किती उघडे, किती बंधारे पाण्याखाली, कुठले रस्ते बंद, एवढं गोळा करून साडेसातच्या आत पहिली बातमी लावायची. पहिल्या वर्षाची मुलं आकडे आणतात आणि त्यांचं चित्र बनवतात. डेस्कवरचा माणूस मजकूर आणि मथळा लिहितो, तिसरा वाचतो आणि मगच कॉपी सुटते. बाहेरगावच्यांसाठी सांगते, इथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हापासून नदीकाठची माणसं सकाळी हा एक आकडा बघून दिवस ठरवतात.

मंगळवारी पातळी होती ३४ फूट. आमच्या चित्रात गेलं ४३. मजकुरात आकडा बरोबर होता. मथळा मात्र मी समोरचं चित्र बघून लिहिला, "पंचगंगा धोका पातळीवर". तिसरा वाचणारा पावसात अडकला होता. त्याची वाट न बघता मी ७ वाजून ८ मिनिटांनी बातमी लावली आणि तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. चूक लक्षात आली ७:१९ ला. लगेच चित्र बदललं, मथळा बदलला, ग्रुपवरचे संदेश सगळ्यांसाठी पुसले. मला वाटलं, अकरा मिनिटांत आवरलं.

साडेनऊला प्रयाग चिखलीहून एका मावशींचा फोन आला. चित्राखाली आमच्या विभागाचा नंबर असतो. त्या म्हणाल्या, "पोरी, तुझं ते चित्र बघून आम्ही म्हसरं सोडली आणि सोनतळीला निघालो. निम्म्या वाटंत कळलं की पाणी तेवढं न्हाईच." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता न्यूजरूममध्ये दोन मतं आहेत. आमचे एक सर म्हणतात, पानच काढून टाका, विभागाचं नाव खराब होतं. वर्गातल्या काहींना तेच पटतंय. मला ते पटत नाही. ज्याच्याकडे चुकीचं चित्र आहे तो खात्री करायला लिंक उघडेल आणि त्याला पान सापडलं नाही, तर तो काय समजणार? पण पान ठेवलं तर त्यावर दुरुस्ती कुठे आणि कशी लिहायची, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. छापील अंकातलं शुद्धिपत्र अभ्यासक्रमात आहे. ते दुसऱ्या दिवशी त्याच वाचकाच्या हातात पडतं. आमचा वाचक आमच्याकडे आलाच नव्हता, त्याला ते चित्र मेहुण्याने पाठवलं होतं. त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोचवायची कशी?

आणखी एक. चित्र बनवणारा मुलगा पहिल्या वर्षाचा आहे आणि दोन दिवस आलेला नाही. दुरुस्तीत "चित्र बनवताना चूक झाली" असं लिहावं असं काहींचं म्हणणं आहे. मला वाटतं तसं लिहिलं की विभागात सगळ्यांना कळतं कोण ते. आणि बातमी सोडली मी.

कृपया ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा.

पहिला प्रतिसाद

आधी छापील आणि आता वेब, अशी बरीच वर्षं डेस्कवर काढली आहेत. तुमच्या प्रश्नांचा क्रम बदलून उत्तर देतो.

पान काढू नका. तीच लिंक ठेवा. सगळ्यात वर, मजकूर सुरू होण्याआधी, दोन ओळी लिहा: काय चुकलं होतं, किती ते किती वाजेपर्यंत चुकीचं होतं, बरोबर काय आहे. तळाशी बारीक अक्षरात नको. मथळ्याची सुरुवात "दुरुस्ती" या शब्दाने करा.

व्हॉट्सॲपचं एक समजून घ्या. लिंकसोबत जे छोटं चित्र आणि मथळा दिसतो, तो पाठवणाऱ्याच्या फोनवर पाठवतानाच तयार होतो आणि संदेशाबरोबर जातो. तुम्ही नंतर पानावर काहीही बदललं तरी पाठवलेल्या संदेशात जुनाच मथळा राहतो. फेसबुकवर तसं नाही. तिथे त्यांच्या शेअरिंग डीबगरमध्ये लिंक टाकून नवा मथळा परत वाचायला लावता येतो. तेवढं आजच करा. आणि पुसलेला संदेश फक्त तुम्ही टाकला त्याच ग्रुपमधून जातो, पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात.

म्हणून चूक चित्रातून गेली असेल तर दुरुस्तीही चित्रातूनच जायला हवी. चुकीचं चित्र घेऊन त्यावर लाल फुली मारू नका. ते पुढे जाताना छोटं होतं, फुली दिसत नाही, ४३ दिसतं. बरोबर आकडा मोठा घ्या, तारीख आणि वेळ चित्राच्या आतच लिहा. पुराची जुनी चित्रं दर पावसाळ्यात पुन्हा फिरतात. तारीख आत असली तर पुढच्या वर्षी कुणी फसणार नाही.

तुमचा मजकूर दुसऱ्या कुणी उचलला असेल तर शोधा. इथे मराठीची एक अडचण आहे. "बंधाऱ्या"तला ऱ्य दोन तऱ्हांनी टंकला जातो. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे. एका तऱ्हेने शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेचं सापडेलच असं नाही. त्यामुळे ऱ्य नसलेला शब्द घेऊन शोधा. "पंचगंगा धोका पातळीवर" घेतलंत तरी चालेल.

आणि आकड्यांबद्दल. ४३ हा आकडा तुम्ही सगळे पावसाळाभर डोक्यात घेऊन फिरता, म्हणून ३४ चं ४३ झालं तरी डोळ्याला खटकत नाही. आमच्याकडे पाण्याच्या बातमीत आकडा अक्षरात लिहायची सक्ती होती. चौतीस आणि त्रेचाळीस यांची अदलाबदल होऊच शकत नाही. त्याच्या शेजारी अंतर लिहा, "इशारा पातळीला ५ फूट कमी". चित्रात ४३ आणि खाली "इशाऱ्याला ५ फूट कमी" असं आलं असतं तर घाईतसुद्धा तुम्ही थांबला असतात. आणखी एक चूक हमखास होते. ३४ फूट ५ इंच म्हणजे ३४.५ फूट नव्हे. ३४.५ म्हणजे ३४ फूट ६ इंच. पुराच्या दिवसांत नदी इंचाइंचाने चढते, तेव्हा हे फार महत्त्वाचं ठरतं.

मुलाबद्दल: दुरुस्ती डेस्कच्या नावाने जाते. "आमच्याकडून चुकीचा आकडा प्रसिद्ध झाला" एवढंच. आणि त्याला आजच फोन करा.

दुसरा प्रतिसाद

मी आंबेवाडीचा, नोकरीसाठी पुण्यात. आमच्याही ग्रुपवर ते चित्र आलं होतं. घरी आई-आबा दोघंच असतात. आबांनी धारा अर्ध्यावर सोडल्या, सकाळचं दूध डेअरीला गेलं नाही. एका वेळचं दूध गेलं, त्याचं एवढं नाही. पण बुधवारी पाणी खरंच चढायला लागलं तेव्हा आबा म्हणाले, "बघू दुपारपर्यंत, कालबी असंच म्हणत होते." मला ती भीती वाटते.

एक सुचवतो. आमच्या गावात निम्मी माणसं चित्र वाचत नाहीत, दुसऱ्याला वाचायला सांगतात. आवाजातला संदेश मात्र सगळे ऐकतात. दुरुस्ती अर्ध्या मिनिटाच्या आवाजात करा, तुमच्यापैकी कुणीतरी नाव-गाव सांगून बोला. आणि तो ग्रुपवर टाकण्याआधी पोलीस पाटील, सरपंच, डेअरीचे सचिव यांना एकेकाला पाठवा. त्यांनी पुढे पाठवलं की गाव विश्वास ठेवतं.

तिसरा प्रतिसाद

वरच्या दोघांशी सहमत. सरांना सांगा की काढलेल्या पानाचं छायाचित्र कुणाकडे तरी असतंच, आणि ते बाहेर आलं की नाव जास्त खराब होतं. हे मी एका महाविद्यालयात शिकवताना पाहिलं आहे.

धागाकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. आंबेवाडीच्या दादा, आबांना माझ्या वतीने माफी सांगा. बुधवारचं त्यांचं वाक्य मी न्यूजरूमच्या फळ्यावर लिहिलंय.

सर तयार झाले. पान तिथेच आहे आणि दुरुस्ती सगळ्यात वर आहे. ज्याने चित्र बनवलं त्याच्याशी काल रात्री बोलले, आज तो आला. आवाजातला संदेश त्यानेच बोलायचं ठरवलं. मी नको म्हणत होते, पण त्याचं गाव वडणगे, त्याचं बोलणं तिकडच्या माणसांना आपलं वाटेल असं तो म्हणाला. चार वेळा ध्वनिमुद्रण केलं. पहिल्या तीन वेळा तो ३४ म्हणताना अडखळला. चिखलीच्या मावशींना सगळ्यात आधी पाठवला. त्यांनी उलट आवाज पाठवला, "आता समजलं बाळा."

आजपासून सकाळच्या बातमीत आकडा अक्षरात, आणि शेजारी इशारा पातळीला किती कमी ते. तिसऱ्याने मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कॉपी सुटत नाही, मग आठ वाजले तरी चालतील.

एक मदत अजून हवी आहे. खाली इचलकरंजी, शिरोळ, नृसिंहवाडीकडच्या ग्रुपपर्यंत ते चित्र गेल्याचं कळतंय आणि तिकडे आमची कुणाची ओळख नाही. निळी पट्टी, वर नदीचं रेखाचित्र, मध्ये मोठ्या अक्षरात "४३ फूट", तारीख नाही. कुणाला दिसलं तर कृपया इथे लिहा, किंवा बरोबर आकड्याचा आमचा आवाज त्याच ग्रुपवर टाका. तिकडच्या पोलीस पाटलांशी किंवा सरपंचांशी कुणी ओळख करून देऊ शकलं तर मी स्वतः फोन करेन.