हॅरिस ट्वीडचे जुने जॅकेट: खरे कसे ओळखावे?

धुकेकरी
एडिंबरातील जुन्या कपड्यांच्या दुकानात मला तपकिरी ट्वीडचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, एक जॅकेट मिळाले असून त्याच्या आतल्या खिशाजवळ गोल व त्यावर क्रूस असे चिन्ह असलेले लेबल आहे. दुकानदार ते हाताने विणलेले हॅरिस ट्वीड असल्याचे सांगतो. परंतु वीण इतकी एकसारखी आहे की शंका येते. नेमके काय पाहावे? बाबांसाठी ते नाशिकला पाठवण्याचा विचार आहे.

उभाआडवा
ते चिन्ह 'ऑर्ब'चे, म्हणजे क्रूस असलेल्या गोलाचे, असून 1911 पासून कापडावर त्याचा शिक्का मारला जातो. 1993 च्या कायद्यानुसार हॅरिस ट्वीड म्हणजे स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर रंगवलेल्या व कातलेल्या कोऱ्या लोकरीचे, तेथील रहिवाशांनी आपापल्या घरी हाताने विणलेले आणि तेथेच अंतिम प्रक्रिया केलेले कापड. सूत मात्र गिरणीत यंत्रावर कातले जाते आणि माग विजेवर नव्हे, तर पेडल मारून चालत असला, तरी तेही यंत्रच, त्यामुळे एकसारखी वीण हा संशयाचा आधार होऊ शकत नाही. शिवणीच्या आतून एखादा धागा मिळाला, तर त्याचा पीळ उजेडात सोडवून पाहा: लांबून निव्वळ तपकिरी दिसणाऱ्या धाग्यात तांबूस, पिवळे, हिरवे, क्वचित निळेही तंतू दिसतील, कारण लोकर आधी रंगवून, मिसळून मगच कातली जाते. अर्थात ही केवळ पूरक खूण झाली, कारण इतर ट्वीडमध्येही अशी मिसळ असते.

शिवणकाम
एक पुरवणी: ते लेबल कापडाची हमी देते, शिलाईची नव्हे. जॅकेट कोठेही शिवलेले असू शकते, म्हणून खांदे आणि अस्तर स्वतंत्रपणे तपासावे.

धुकेकरी
धागा पाहिला, तांबूस आणि हिरवे तंतू स्पष्ट दिसले. आता नाशिकचे काय?

उभाआडवा
डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते सुखाने घालता येईल, पण एरवी जडच पडेल. खरी काळजी कपाटातली आहे. घामाचे वा अन्नाचे डाग राहिलेल्या लोकरीला कसर आधी लागते, म्हणून ब्रश फिरवून, आवश्यक तेवढेच ड्रायक्लीन करून ते सुती पिशवीत ठेवावे आणि पावसाळ्यात ऊन पडेल तेव्हा हवेशीर जागी टांगावे. गरम पाण्यात धुतल्यास लोकर आटते, आणि मग ते बाबांऐवजी नातवालाच बसेल.