चाळिशीनंतर नोकरी सोडून पुन्हा कॉलेज: धाडस की खूळ?

उशिराची_गाडी: इतकी वर्षं अकाउंट्समध्ये काढली, आता स्पीच थेरपी, म्हणजे बोलण्यातल्या अडचणींवरचे उपचार, शिकायची आहे. इंटर्नशिप धरून चार वर्षं, पूर्णवेळ. घरच्यांचं एकच पालुपद, 'आता या वयात?' अहो, निवृत्तीला अजून वीसेक वर्षं आहेत! आल्बर्ट श्वाइट्झर १९०५ मध्ये, वयाच्या तिशीत, विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवत असताना वैद्यकीय शिक्षणाला बसले आणि १९१३ मध्ये डॉक्टर म्हणून आफ्रिकेत गेले. तुमचं मत काय?

हिशेबी_माणूस: श्वाइट्झर शिकत असतानाही विद्यापीठात शिकवत होते, प्रवचनं देत होते आणि लग्न १९१२ ला झालं. म्हणजे मिळकत चालू, संसार नाही. तुमचं तसं आहे का?
सगळे फीचा हिशेब करतात, बुडालेल्या पगाराचा कोणी करत नाही. खरा खर्च तोच. वर बचतही थांबते. वर्षाला ८ टक्के धरले तर पैसा साधारण नऊ वर्षांत दुप्पट होतो, म्हणजे चाळिशीत न टाकलेला एक रुपया अठ्ठावन्नाव्या वर्षी चार रुपयांचा खड्डा पाडतो. तुम्ही अकाउंट्सवाल्या, तुम्हाला हे मी सांगायचं?

उशिराची_गाडी: मांडलाय हो हिशेब! पण त्यात 'नावडत्या कामाची वीस वर्षं' हा रकाना कुठे भरायचा?

काळा_कोट: मी अशीच उशिरा वकील झाले, म्हणून बोलते. आधी एवढंच बघा की त्या कामाला परवाना लागतो का. वकिली, नर्सिंग, स्पीच थेरपी, इथे मान्यताप्राप्त पदवी किंवा पदविका नसेल तर दारातच अडवतात, तेव्हा कॉलेजला पर्याय नाही. पण कोडिंग, डिझाइन, लेखन अशा कामांसाठी चाळिशीत पूर्णवेळ पदवी घेणारे मला कळतच नाहीत. तिथे केलेलं काम दाखवावं लागतं.
अभ्यास झेपतो. पाठांतर जड जातं, पण वाचलेलं अनुभवाशी पटकन जोडलं जातं. कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे दोन प्रकार सांगितले, त्यातला साठवलेल्या ज्ञानाचा प्रकार वयाबरोबर बराच काळ वाढतो. मला नडले ते ग्रुप प्रोजेक्ट. मुलं कामाला बसणार रात्री अकराला, मला सहाला उठायचं. शेवटी माझा भाग आधीच लिहून पाठवायचे, तर त्यावर अंगठा यायचा आणि पुढे सामसूम.

हिशेबी_माणूस: पास व्हाल हो. पुढे काय? चव्वेचाळिशीत फ्रेशर, वर पंचविशीतली बॉस, पगार सुरुवातीचा. अनुभव मोजला जाईल असं गृहीत धरू नका. अकाउंट्सचा अनुभव तिथे कोण विचारतो?

काळा_कोट: असहमत. चिडलेल्या माणसाशी शांतपणे बोलणं मी कॉलेजात शिकले नाही, जुन्या नोकरीत शिकले. अशील त्यावरच टिकतात. पगाराबद्दल मात्र तुमचं खरं आहे, पहिली काही वर्षं हात आखडूनच काढली.

काठावरचा: ताई, एक विचारू? हे काम जवळून बघितलंय का? बऱ्याच जणांना नवा पेशा आवडलेला नसतो, जुना साहेब नकोसा झालेला असतो. त्यासाठी नुसती कंपनी बदलली तरी चालतं.

उशिराची_गाडी: भाच्याचे सेशन्स बाहेर बसून बघितलेत. 'क' यावा म्हणून तीच तीच चित्रं, तोच खेळ पुन्हा पुन्हा. मला कंटाळा आला नाही.

काठावरचा: बाहेर बसून नको. परवानगी काढून महिनाभर सुट्टीच्या दिवशी आत बसा, पेशंट भाचा नसताना. रिपोर्ट लिहिण्याचं कामही बघा, ते बरंच असतं म्हणतात.

हिशेबी_माणूस: याला +१. तोवर राजीनामा ड्राफ्टमध्येच राहू द्या.