अडीच वर्षांचं मूल : पाणी ओतण्याचं काम रोज फिसकटतंय

निळीशाई
मूल अडीच वर्षांचं आहे. घरच्या घरी मॉन्टेसरी पद्धतीने थोडं काम सुरू केलंय. दोन फळ्यांची बुटकी मांडणी, त्यावर चौदा वस्तू : ओवायचे मणी, ठोकळे, तीन कोडी, डबे-झाकणं, चिमटे वगैरे. पाणी ओतण्याच्या ट्रेमध्ये अर्ध्या लिटरचा प्लॅस्टिकचा जग आणि दोन कप आहेत.

निम्मं पाणी ट्रेमध्ये सांडतं, उरलेलं मुद्दाम जमिनीवर ओतलं जातं. बाकीच्या वस्तू एकामागून एक खाली येतात, परत जागेवर एकही जात नाही. दाखवताना "असं धर, हळू, इकडे बघ" असं सारखं सांगावं लागतं आणि तरीही लक्ष भलतीकडेच. यात नेमकं काय चुकतंय? शिवाय गुलाबी मनोरा (एकावर एक रचायच्या लहान-मोठ्या घनांचं मॉन्टेसरी साधन) घ्यावा का, आणि अक्षरं कधी सुरू करायची?

"धीर धरा" सोडून काहीही सांगा.

घडीचा_रुमाल
आधी जग बदला. अर्ध्या लिटरचा जग भरला की पाण्याचंच वजन अर्धा किलो होतं. या वयाच्या मनगटाला तेवढं वजन तिरकं धरून मध्येच थांबवणं जमत नाही. दीडशे-दोनशे मिलीचा जग घ्या आणि त्यात पाणी शंभर मिलीच ठेवा. ज्यात ओतायचं त्या ग्लासात जगातलं सगळं पाणी मावून वर दोन बोटं जागा उरली पाहिजे. मग थांबायचं विसरलं तरी ग्लास ओसंडत नाही. तुमच्याकडे मोठ्या जगातून छोट्या कपात ओतायचंय, म्हणजे वेळेवर थांबणं आलं. ती पुढची पायरी. तेव्हा ग्लासाला बाहेरून रंगीत चिकटपट्टी लावून "इथपर्यंत" अशी खूण करायची.

चोच नीट बघून घ्या. चोचीची कड गोलसर, जाड असेल तर हळू ओतताना पाणी कडेला चिकटतं आणि जगाच्या पोटावरून ओघळतं. मोठी माणसं भसकन ओततात, त्यामुळे त्यांचं सांडत नाही. मूल बिचारं जपून ओततं आणि त्याचंच सांडतं. घेण्यापूर्वी मोरीत अगदी हळू ओतून बघा. खालून ओघळ आला तर तो जग बाद. प्लॅस्टिक हलकं असतं, कोपराचा धक्का लागला की कलंडतं. काच किंवा चिनीमाती वजनाला बरी. स्टीलही चालेल, पण आतलं पाणी बाहेरून दिसत नाही, म्हणून निदान ग्लास तरी पारदर्शक असू द्या.

ट्रेला दोनेक सेंटीमीटरचा काठ हवा, आणि लांबी मुलाला दोन्ही हातांनी अंगासरशी धरता येईल इतकीच, तीस सेंटीमीटरच्या आसपास. ट्रेमध्ये स्पंज हवाच, मुलाच्या मुठीत मावेल एवढा. तो आधी भिजवून घट्ट पिळून ठेवा. वाळून कडक झालेला स्पंज पाणी शोषायच्या आधी ते नुसतं पुढे ढकलतो, आणि मुलाला वाटतं की पुसून काही होतच नाही. पुसणं हा या कामाचाच भाग आहे, सांडल्याची शिक्षा नव्हे. थेंबभरच सांडलं तरी शेवटी ट्रे पुसून, स्पंज पिळूनच ट्रे जागेवर जातो.

मुद्दाम जमिनीवर ओतणं हा वेगळा विषय. तिथे मुलाला पाणी पडताना बघायचं असतं. त्यासाठी न्हाणीघरात टब आणि दोन मग द्या, हवं तितकं ओतू दे. ट्रेमधलं पाणी मात्र फक्त ग्लासात. जमिनीवर ओतलं की न रागावता फडकं द्यायचं, सोबत पुसायचं आणि "आज हे काम झालं" म्हणून ट्रे उचलायचा. उद्या पुन्हा त्याच जागी ठेवायचा.

शिंपलाआणिरेती
वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत, फक्त सुरुवात पाण्याने नको. आधी कोरडं ओतणं, म्हणजे पाण्याऐवजी दाणे ओतणं द्यावं. मोठे दाणे असतील तर प्रत्येक दाणा पडल्याचा आवाज येतो, ओघ सावकाश असतो, सांडलेलं चिमटीने वेचता येतं. दोन सारखे जग समोरासमोर, चोची आतल्या बाजूला, कान बाहेर. मोठे दाणे जमले की बारीक, मग पाणी.

मांडणीबद्दल : चौदा वस्तू फार झाल्या. सहा ठेवा, फार तर आठ. फळीवर दोन वस्तूंच्या मध्ये वीतभर मोकळी जागा दिसली पाहिजे, कारण "परत जागेवर ठेव" या सांगण्याला तेव्हाच अर्थ येतो. खच्चून भरलेल्या फळीवर एक वस्तू काढली की तिची जागा बुजते, मग मुलाने ती ठेवायची कुठे? प्रत्येक काम आपापल्या ट्रेमध्ये किंवा टोपलीत, सगळे भाग तिथेच. तीन कोड्यांपैकी एकच बाहेर, आणि त्याचा एक तुकडा जरी हरवला असेल तरी ते काढून टाका. अपुरं कोडं सोडवताना आपलं चुकलं की वस्तूतच खोट आहे, हे मुलाला कळत नाही.

"दर सोमवारी वस्तू बदला" हा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो, तो सोडून द्या. आठवडाभरात हातही न लागलेली वस्तू बदला. जी रोज पाच वेळा काढली जाते ती, तुम्हाला कितीही कंटाळा आला तरी, तिथेच राहू द्या.

आणि मांडणी भिंतीला स्क्रूने पक्की केली आहे ना? या वयात फळीवर चढून बघणारच.

घडीचा_रुमाल
@शिंपलाआणिरेती, शाळेत तुमचा क्रम बरोबर. घरात मला तो उलटा योग्य वाटतो. दाणे कपाटाखाली जातात, नाका-कानात जातात, आणि तोंडात वस्तू घालायची सवय पूर्ण गेली नसेल तर दाणा घशात अडकण्याची भीती असते. पाणी सांडलं तर फडक्याने निपटतं. शिवाय ओतून झालं की ते पिता येतं, म्हणजे कामाला खरा हेतू मिळतो. दाणे या जगातून त्या जगात करून पुढे काय, हा प्रश्न घरातल्या मुलाला लवकर पडतो. कोरडं द्यायचंच असेल तर मोठ्या माणसाने शेवटपर्यंत शेजारी बसून, आणि काम संपलं की दाणे उंचावर.

शिंपलाआणिरेती
दाण्यांबाबतची धास्ती मान्य. तोंडात घालणं पूर्ण थांबेपर्यंत पाणीच बरं.

मधली_सुट्टी
दाखवताना लक्ष भलतीकडेच जातं, त्याबद्दल. हात चालू असताना तोंड बंद, तोंड चालू असताना हात थांबलेले. तुम्ही "असं धर" म्हणता तेव्हा मूल तुमच्या तोंडाकडे बघतं, आणि तेवढ्यात हाताने केलेली महत्त्वाची हालचाल निसटते.

मूल उजवं असेल तर त्याच्या उजवीकडे बसा, म्हणजे तुमचा हात त्याच्या दृष्टीआड जात नाही. सुरुवात फळीपासून करा : "चल, एक काम दाखवते", मग सोबत जाऊन ट्रे आणायचा. जगाचा कान तीन बोटांनी धरा, दुसऱ्या हाताची दोन बोटं चोचीखाली टेकवा, चोच ग्लासाच्या वर आणा, थांबा, ओता. शेवटचा थेंब सुटेपर्यंत जग तसाच धरून ठेवा. बहुतेकांची घाई नेमकी इथे होते आणि तोच थेंब ट्रेमध्ये पडतो. मग पाणी परत जगात, ट्रे पुसणं, ट्रे फळीवर. नेहमीच्या निम्म्या वेगाने केलंत तर बरोबर होईल. संपल्यावर दोनच शब्द : "आता तू."

नंतर दुरुस्ती करू नका. ट्रेमध्ये सांडलेलं पाणीच चूक दाखवतंय, तुम्ही वेगळं सांगायची गरज नाही. वस्तू फेकली किंवा कुणाला लागेल असं केलं तरच मध्ये पडा. एरवी जे चुकलं ते मनात ठेवा आणि दोन दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून दाखवा, त्या जागेवर जरा जास्त रेंगाळून. "वा वा, किती छान!" हेही आवरा. ऐन एकाग्रतेत कौतुक केलं की मूल मान वर करून तुमच्याकडे बघतं, आणि काम तिथेच संपतं.

फेकाफेकी होते तेव्हा वस्तूंपेक्षा अंग हलवायची गरज मोठी असते. पाव बादली पाणी झाडांपर्यंत नेणं, खुर्ची ढकलत नेणं, जड उशा उचलून ठेवणं अशी ओझ्याची कामं आधी द्या, ट्रे नंतर.

तळटीप
मनोरा : घरी गरज नाही. त्यात दहा घन असतात, बाजू १ ते १० सेंटीमीटर, सगळे एकाच रंगाचे, कारण फरक फक्त आकारमानाचा जाणवायला हवा. रंगीबेरंगी नक्कल घेतलीत तर मूल रंगावरून घन ओळखतं आणि मूळ हेतूच जातो. हा साधनसंच मुख्यतः तीन ते सहा वयोगटासाठी आहे. तुमचे डबे-झाकणं सध्या तेच काम करतात, फक्त पाचच ठेवा आणि एकाचं झाकण दुसऱ्याला बसणार नाही असे निवडा. जवळपास बसणारं झाकण मूल दाबून बसवतं आणि चूक लपते.

अक्षरं : अजून वर्षभर नकोत. तोवर ध्वनींचे खेळ. तीन वस्तू समोर ठेवून "मला म-ने सुरू होणारं काहीतरी दिसतंय." पुढे बोटाने गिरवायची खरकागदाची (सँडपेपरची) अक्षरं करायची वेळ आली तर कागद बारीक दाण्याचा घ्या, जाडाभरडा बोटांना टोचतो आणि मूल गिरवायचं टाळतं. आधी अक्षराचं अंग, शिरोरेघ शेवटी, हा क्रम पहिल्या दिवसापासून एकच ठेवा. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या एकाच दिवशी अजिबात नकोत. एका वेळी दोन-तीन अक्षरं, तीन टप्प्यांत : "हा क", मग "क कुठला, दाखव", आणि ते पक्कं झाल्यावरच "हा कुठला?". ही तीन टप्प्यांची रीत मारिया मॉन्टेसरींनी फ्रेंच डॉक्टर एदुआर सेगँ यांच्याकडून घेतली. तिसऱ्या टप्प्यात मूल अडखळलं तर उत्तर न सांगता पहिल्या टप्प्यावर या, किंवा त्या दिवसापुरतं थांबा.

निळीशाई
सगळ्यांचे आभार. जग आणि मांडणी आजच बदलते. एक राहिलं : मूल डावखुरं वाटतंय, पण अजून दोन्ही हात वापरतं. ट्रे कसा मांडू?

मधली_सुट्टी
जगाचा कान समोर, मुलाच्या पोटाकडे करून ठेवा आणि ग्लास त्याच्या पलीकडे. कुठला हात पुढे येतो ते बघा. आठवडाभर तोच हात येत राहिला तर कान त्या बाजूला वळवा आणि तुम्हीही त्याच बाजूला बसून, त्याच हाताने दाखवा. तुमचा डावा हात अवघडत असेल तर आधी एकटीने चार-पाचदा ओतून बघा.