मदत हवी आहे: कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरात 'आचाऱ्यां' शोधताना अर्धी पुस्तकं गळतात

वडोदऱ्यातल्या मराठी वाचनालयासाठी डेबियन लिनक्सवर कोहा बसवतोय. झेब्रा (कोहाचं शोधयंत्र) आयसीयूवर (युनिकोड मजकूर हाताळणाऱ्या सॉफ्टवेअर-संचावर) नेऊन इंडेक्स पूर्ण नव्याने बांधला, तेव्हा कुठे देवनागरी शोध नीट चालू लागला. अडलंय ते 'ऱ्य'पाशी. नव्या नोंदींत ऱ (यू+०९३१) आणि हलन्त आहे. जुन्या फॉन्टमधून युनिकोडात आणलेल्या नोंदींत साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, यू+२००डी). पडद्यावर दोन्ही सारखेच, पण एक टाइप केलं की दुसरं सापडत नाही. झेडडब्ल्यूजे नुसता काढला तर स्वयंपाक्यांचे 'आचाऱ्यांना' गुरूंच्या 'आचार्यांना'त मिसळतात, म्हणून तो उपाय नको.

आयातीआधी मार्कएडिटमध्ये (ग्रंथनोंदी एकगठ्ठा बदलण्याचं साधन) नोंदी बदलाव्यात, की आयसीयूच्या फाइलीतच नियम घालावा? मला नियम बरा वाटतो, कारण वाचक कसंही टाइप करेल. कुणाकडे चालणारी नेमकी ओळ आहे का? ती नॉर्मलायझेशनच्या (अक्षरं एकाच रूपात आणण्याच्या पायरीच्या) आधी लिहायची की नंतर?