भिंतीसोबत कालव्याचाही पैसा हवा

"आधी धरण बांधा, पाणी अडवा, कालव्यांचं नंतर बघू" हे मत मला अजिबात पटत नाही. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातलं प्रवरा नदीवरचं निळवंडे धरण बघा. 1970 साली मान्यता मिळाली तेव्हा खर्च होता आठ कोटींच्या आत. डाव्या कालव्यात पाणी सोडण्याचा कार्यक्रम झाला ऑक्टोबर 2023 मध्ये, तोवर आकडा पाच हजार कोटींच्या वर गेला होता. भिंत कधीच उभी राहिली होती, पाणीही अडत होतं. पण कालवेच अर्धवट.

माझं आजोळ संगमनेरच्या तळेगाव पट्ट्यातलं. टँकरचा हॉर्न वाजला की मामी हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून हंडा घेऊन पळायची. धरण तालुक्याला खेटून, आणि दारात रिकामं टिपाड!

म्हणून नवीन धरणाला मंजुरी देताना भूसंपादन, पुनर्वसन आणि कालव्यांचा निधी भिंतीच्या बरोबरीनंच बांधून घ्या. दरवर्षी थोडी थोडी तरतूद झाली की काम रखडतं, दर वाढतात, परत सुधारित मान्यता. आणि धरणात ज्यांची जमीन जाते त्यांचं पुनर्वसन तर घळभरणीच्या (नदीपात्रातली भिंतीची शेवटची मोकळी जागा बुजवून पाणी अडवण्याच्या) आधीच पूर्ण व्हायला हवं.